आईला विचारायचं राहिलं

मी मिरजेची हो. आता क्योतोत इतकी वर्षं काढली तरी कुणी विचारलं की तोंडातून मिरजच येतं. वडील रेल्वेत सिग्नलच्या खात्यात, क्वार्टर जंक्शनच्या मागे, आम्ही दोघं भावंडं, दादा मोठा आणि मी. घरात वाचायला म्हणाल तर पंचांग आणि रेल्वेचं टाइमटेबल, पण मला छापलेलं काही दिसलं की वाचायची खोड, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायची नाही, आणि वाचून गप्प बसेन तर शपथ, हे असं का, ते तसं का, मग पुढे त्या बाईचं काय झालं. आई म्हणायची, ही पोरगी यमालासुद्धा प्रश्न विचारून दमवील. काय सांगू तुम्हाला, त्या प्रश्नांवरच आज माझं पोट भरतंय.

मी काय करते ते सांगताना दर वेळी पंचाईत होते बघा. साहित्याची प्राध्यापक, अमेरिकन साहित्य शिकवते, इथवर ठीक चालतं, पण माझं संशोधन मॉर्मन लोकांवर आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणजे मिरजेची मराठी बाई, जपानमध्ये बसून, अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा इतिहास आणि त्यांचा धर्मविचार अभ्यासते, ह्यात कुणाला काही ताळमेळच लागत नाही. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे ते चार-चार बायकावाले ना गं? म्हटलं, आत्या, ते त्यांनी कधीच सोडलं, शंभर वर्षं उलटून गेली. तर म्हणते, मग आता अभ्यासाला उरलं काय? इथे विभागात रुजू झाले तेव्हा एक वयस्क सेन्सेइ, म्हणजे आपल्याकडे सर म्हणतात तसं, फार अदबीनं म्हणाले, तुम्ही भारतीय आहात तर योगावर का नाही काही करत? मी म्हटलं, सर, मला साधं पद्मासन घालता येत नाही.

पण सुरुवात झाली ती पुण्यात, एमएला असताना. लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बायकांच्या लिखाणाचं एक जाडजूड बाड हाती लागलं. ह्या बायका धर्मासाठी घरदार सोडून बैलगाड्यांच्या तांड्यातून निघालेल्या, महिनोन् महिने चालतायत, आणि एकीनं लिहिलंय की काल वाटेत बाळाला पुरलं, आज पीठ मळलं, पाव चांगला फुगला. बस, एवढंच. मी तिथेच अडकले. म्हटलं, हिनं देवाला काहीच विचारलं नाही? आणि विचारलं असेल तर त्यानं काय सांगितलं, की ही उठून पीठ मळायला लागली? त्या बायका मॉर्मन होत्या हे मला नंतर कळलं, आधी मला ती बाईच हवी होती.

मग लग्न झालं, मिलिंदला योकोहामाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आयटीतलं, मी डिपेंडंट व्हिसावर त्याच्यामागून आले. दिवसभर काम काय, तर कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणायचं आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते पाठ करायचं. अशात एक दिवस दारावरची बेल वाजली, बघते तर दोन गोरे तरुण, पांढरा शर्ट, टाय, छातीला नावाची काळी पाटी, सायकली खाली लावलेल्या, आणि जपानी माझ्याहून फर्डी. मॉर्मन प्रचारक हो! बिल्डिंगमधले सगळे त्यांना दारातूनच वाटेला लावायचे आणि मला तर घबाडच मिळालं. आत या म्हटलं, बसा म्हटलं, आणि हात आपला सवयीनं चहाच्या भांड्याकडे. आता ते लोक चहा-कॉफी पीत नाहीत, धर्मात मनाई आहे, हे मी पुस्तकात वाचलेलं, पण घरी आलेला माणूस चहाशिवाय उठतो म्हणजे काय, अर्धा कप तरी घ्या, बरं पाव कप, असा माझा आग्रह, आणि त्यातला एक बिचारा कानापर्यंत लाल झाला तेव्हा कुठे मला आठवलं. शेवटी जिरं लावून ताक दिलं. ते आले होते मला शिकवायला, पण प्रश्न मीच विचारत सुटले, नवरा-बायकोचं लग्न मेल्यावरही टिकतं म्हणता तर दोघांपैकी एकाला ते नको असलं तर काय, वगैरे. ते म्हणायचे, विचारून येऊन सांगतो. काही आठवडे आले, मग यायचे बंद झाले. मिलिंद म्हणाला, धर्मप्रचारकांना पळवून लावणारी तू जगातली पहिलीच असशील.

पण मला तेव्हा माझा प्रश्न सापडला ना! की जपानसारख्या देशात, जिथे कुणाच्या घरी गेलं की बसायच्या आत पुढ्यात चहा येतो, तिथे ज्या बायका मॉर्मन झाल्या त्यांनी कसं निभावलं? सासरी काय सांगितलं? घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले की नाही? त्यावर मी क्योतोत पीएचडी केली, तिथेच लागले, तिथेच प्रोफेसर झाले. मिलिंदची नोकरी पुढे त्सुकुबाला गेली, तो सुट्टीला येतो, लेकीला मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, चाललंय आमचं.

आता कावामुरा-सानबद्दल सांगते, सान म्हणजे आपलं बाई म्हणतो तसं, कारण त्यांच्याशिवाय ह्या सगळ्याला अर्थ नाही. ह्या बाई उजीच्या, क्योतोजवळचं चहाचं गाव ते, आणि वडील चहाचे व्यापारी. चहाच्या व्यापाऱ्याची मुलगी तरुणपणी अशा पंथात गेली जिथे चहा वर्ज्य! वडील पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मी अभ्यासासाठी त्यांना भेटायला लागले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दर गुरुवारी दुपारी बाई माझ्याकडे यायच्या, येताना सातूचं पाणी, मुगिचा म्हणतात ते, स्वतःच्या बाटलीतून आणायच्या म्हणजे मला चहाचं अवघडायला नको. माझं त्यांच्यावरचं लिहून झालं, छापून झालं, तरी गुरुवार काही सुटला नाही.

त्यांनीच मला ते मृतांचं नीट समजावलं. म्हणजे ह्या लोकांत अशी रीत आहे की आपलं माणूस त्यांचा धर्म न घेता गेलं, तर त्याच्या नावानं जिवंत माणूस त्यांच्या मंदिरात पाण्यात बुडी घेतो, तो त्या गेलेल्याचा बाप्तिस्मा. वर्गात मी हे पोरांना कितीदा शिकवलं असेन. पण कावामुरा-सान म्हणाल्या, सेन्सेइ, मी माझ्या वडिलांसाठी करवून घेतलं, पण त्यांनी ते घेतलं असेल असं नाही हं, आम्ही फक्त दार उघडतो, आत यायचं की नाही ते गेलेल्यानं ठरवायचं, आणि आमचे वडील फार हट्टी. असं म्हणून हसल्या आणि डोळे पुसले.

मग आई आली इथे, वडील गेल्यानंतर, व्हिसा होता तेवढे दिवस. जपानी सोडाच, आईला हिंदीही धड येत नव्हती, आणि कावामुरा-सानना मराठीचा गंध नाही, पण पहिल्याच गुरुवारी दोघी मटार सोलत बसल्या त्या मला विसरूनच गेल्या. आई त्यांना कावेरीबाई म्हणायची, तोंडाला तेच बसलं. एका रविवारी त्या आईला त्यांच्या प्रार्थनेला घेऊन गेल्या, मीही गेले. तिथे पावाचे तुकडे तबकातून फिरवतात, येशूच्या आठवणीचे, तबक आईपुढे आलं तसं आईनं उजव्या हाताखाली डावा हात धरून तुकडा घेतला, कपाळाला लावला, खाल्ला, आणि आणखी एक घेऊन रुमालात बांधला. मी म्हटलं, आई, हे काय? तर म्हणते, मिलिंदरावांना नको का प्रसाद? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी ह्या विषयातली तज्ज्ञ ना! पण कावामुरा-सानना काय कळायचं ते कळलं, त्यांनी आईचा हात धरला तो प्रार्थना संपेपर्यंत सोडला नाही.

आई गेली ती मिरजेला, झोपेत. मी दहाव्याला पोचले. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले, कावळा शिवेना, दादा म्हणतोय, मी आहे, काळजी करू नकोस, मी म्हणतेय, लेकीचं बघते, आणि कशानं कोण जाणे, बऱ्याच वेळानं शिवला. मी परत आले. कावामुरा-सान गुरुवारी यायच्या आणि नुसत्या बसायच्या, त्यानं मला फार बरं वाटायचं. काही महिन्यांनी त्या जरा सावरून बसल्या आणि म्हणाल्या, सेन्सेइ, ती माझी मैत्रीण होती, तिच्या नावानं टोकियोच्या मंदिरात ती बुडी घ्यावी असं मला फार वाटतं, पण घरच्यांची परवानगी लागते, तुम्ही द्याल का?

आता बघा, दुसऱ्या कुणाचा प्रश्न असता तर मी तासभर बोलले असते, दोन्ही बाजू मांडल्या असत्या. पण ही माझी आई. हो म्हणावं तर माझ्या आईचा धर्म मी कोण बदलणार, नाही म्हणावं तर ह्या बाईकडे देण्यासारखं सगळ्यात मोठं जे होतं तेच ती देत होती, आणि तेच मी परत करायचं? ती दुखावून यायची बंद झाली तर? खरं सांगते, मला त्याची भीती वाटत होती. आई गेली, आता हीही गेली तर मी काय करू?

दादाला फोन केला. वाटलं होतं, तो खवळेल आणि माझी सुटका होईल, त्याच्यावर ढकलून मोकळी होईन. पण त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आई नको म्हणू शकते का? म्हटलं, हो, त्यांचंही तेच म्हणणं आहे. मग म्हणाला, मग काय, आपण पिंड ठेवतो, शिवायचं की नाही ते तिच्या मनावर, तसंच हे. दे की नाव. वीस-पंचवीस वर्षं मी ज्यावर लेख लिहिले ते ह्यानं घरबसल्या एका वाक्यात उरकलं, आणि तरी माझं मन हो म्हणेना, ते का, तेच मला कळेना.

कळलं ते नावापाशी. ते लोक बाईचं माहेरचं नाव लावतात, तर कावामुरा-साननी विचारलं, तिचं जन्माचं नाव काय? म्हटलं, कुसुम, लग्नात सुमती केलं, आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. त्या म्हणाल्या, तिला आवडलं होतं का नवं नाव? आणि काय सांगू तुम्हाला! जन्मभर जगाला प्रश्न विचारत आले आणि हे मी आईला कधी विचारलंच नव्हतं. कुणीच नसेल विचारलं. सातवीतून शाळा सोडवली तेव्हा नाही, लग्न ठरवलं तेव्हा नाही, रेल्वेनं बदली केली की चालली सामान बांधून. सगळ्यांनी तिच्यासाठी चांगलंच ठरवलं हो, वाईट कुणी नाही ठरवलं, पण ठरवलं ते दुसऱ्यांनीच. आणि आता ती गेल्यावर मी, तिची शिकलेली मुलगी, तिच्या नावानं आणखी एक गोष्ट ठरवू? माझ्याच्यानं ते होईना.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, तुमच्या धर्माला माझी ना नाही, तुमच्या प्रेमाला तर नाहीच नाही, पण आईला विचारायचं राहिलं, आणि विचारल्याशिवाय मी नाव देणार नाही. रडले मी. कावामुरा-साननी आपल्या बाटलीतलं सातूचं पाणी माझ्या पेल्यात ओतलं. मग म्हणाल्या, बरोबर आहे, तिला विचारायला हवं. तर मग मीच विचारीन. मी आता ऐंशीला टेकले, भेट व्हायला काही फार वेळ नाही. फक्त तिला जपानी येत नाही, तर विचारायचं कसं, तेवढं तुम्ही मला शिकवा.

तर सध्या गुरुवारी आमचं हे चाललंय. मी विचारलं, कुठल्या नावानं हाक मारणार? त्या म्हणाल्या, तुम्ही सांगा. मी म्हटलं, कुसुम म्हणा, त्या नावानं तिला कुणी हाक मारली त्याला जमाना झाला, तिला बरं वाटेल. एवढंच वाक्य आहे, कुसुमताई, तुम्हाला चालेल का? त्यातला ल त्यांना जड जातो, जपान्यांना जातोच, सुरुवातीला चारेरु चारेरु करायच्या आणि दोघी हसून बेजार व्हायचो. घरी आरशासमोर बसून घोटतात म्हणे. मी त्यांचं ऐकून घेते, मान हलवते, आणि म्हणते, अजून नाही जमलं हं, पुढच्या गुरुवारी परत बघू. जमलंय हो, केव्हाच जमलंय, मिरजेच्या बाईसारखं स्वच्छ म्हणतात.