लाल चौकोन

दुरुस्तीच्या दुकानात शिकवणीच्या बाई बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काउंटरपाशी एक बाप आणि त्याची मुलगी दुकानातल्या पोराशी बोलत होते. बाईंना त्यांचं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“काका, नव्या सिस्टीमवर तुमचं जुनं एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालणार नाही. माझ्या जुन्या मशीनवर उघडलंय, बघा.”

“उघडलं ना? जीव भांड्यात पडला बाबा! हिच्या आईची फिल्म आहे. ती गेल्यापासून दोन वर्षं जुळवतोय.”

“पण हे सगळे चौकोन लाल दिसतायत, म्हणजे व्हिडिओ सापडत नाहीयेत. मूळ व्हिडिओ कुठे आहेत?”

“‘कच्चं’ नावाच्या फोल्डरमध्ये.”

“बाबा... ते मी उडवलं. नवी सिस्टीम जागा मागत होती. मला वाटलं, फिल्म या फाइलमध्येच आहे.”

“ताई, या फाइलमध्ये चित्र नसतं हो. कुठे कापायचं, कुठे जोडायचं, एवढंच लिहिलेलं असतं.”

“मग परत आणा ना! डिलीट केलेलं परत येतं!”

“त्याच जागेवर नवी सिस्टीम बसलीये, आता नाही येणार.”

“कॉपी असेल. बाबा, कुठेतरी कॉपी असेलच ना? बोला ना काहीतरी!”

“म्हणजे... ती यात नाहीच?”

बाईंनी प्रिंटर घट्ट धरला.

“काका, तुम्ही जागोजागी लिहून ठेवलेल्या खुणा मात्र आहेत. वाचू?”

“वाच.”

“‘सातवं मिनिट. इथे ती माझ्यावर चिडली आहे. हे अजिबात कापायचं नाही.’”