जांभळीचं आळं

भाग्यलक्ष्मी : म्हणजे निमंत्रणाच्या कार्डावर तुमचं नावसुद्धा छापलंय काका?

तम्मण्णा : छापलंय. पयली कुदळ मीच मारायची म्हनाला पंचायतीतला नागेंद्र.

भाग्यलक्ष्मी : आणि तुम्ही व्हय म्हणालात.

तम्मण्णा : मी काय म्हनलो न्हाय. त्यो बोलत हुता, मी बसलो हुतो.

भाग्यलक्ष्मी : 'पूर्णिमा स्मृतिवन'. कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. भाषेवरनं भांडण नको म्हणून केवढी काळजी! उद्या तिचं वर्षश्राद्ध, आणि तिच्याच माळावर जेसीबी. काका, ती असती तर त्या जेसीबीपुढं आडवी पडली असती. तुमच्याशी महिना महिना बोलली नसती.

तम्मण्णा : तशी बी बोलत न्हाय.

बायाक्का : अगं भाग्या, चा घे आधी. पोरीची मैतरीन म्हनून वडगावास्नं स्कूटरवर आलीस, तोंड बघ कसं झालंय. ह्यांच्याशी काय डोस्कं लावतीस? लेक गेल्यापास्नं हे असंच. माग बंद. ताण्याच्या सुताचा बीम तसाच मागावर, साडी अर्ध्यात. शेठ येऊन शिव्या घालून गेला, तर हे त्याला पानी इचारत्यात! सकाळी उठायचं, पान्याचे कॅन गाडीला लावायचे, माळाला जायाचं. दुपारी यायचं. जेवा म्हनलं की जेवत्यात. न्हाय म्हनलं तर तसंच ऱ्हात्यात.

भाग्यलक्ष्मी : झाडाला पाणी घालायला?

बायाक्का : पोरीच्या झाडाला. राख नदीत कशाला सोडायची, खड्ड्यात घालू, वर झाड लावू, असं नागेंद्रच म्हनला. हिकडं आता समदी तसंच करत्यात. मी म्हनलं, जांभूळ लावा. शाळेतनं येताना ववटीत घालून आनायची, झंपर जांभळा करून.

भाग्यलक्ष्मी : त्या एका झाडाला मी काय म्हटलं का काकू? पण नागेंद्रनं त्याच्या मागं ओळीच लावल्या. कुणाचा वाढदिवस, झाड. साहेब आले, झाड. फोटो काढला की कोण फिरकत नाही. आता उरलेल्या माळावर पण खड्डे.

तम्मण्णा : माळ मोकळाच हाय म्हनतोय त्यो. पडीक.

भाग्यलक्ष्मी : ह्याच शब्दावरनं ती पंचायतीत त्याच्याशी भांडली होती. तुम्ही होतासा तिथं.

तम्मण्णा : हुतो.

भाग्यलक्ष्मी : काय म्हणाली होती?

तम्मण्णा : वरडली. मोकळा कुनाला म्हनता, तिथं ऱ्हानाऱ्यास्नी इचारलं का, म्हनली. मानसं हसली.

भाग्यलक्ष्मी : आणि तुम्ही?

तम्मण्णा : मी चप्पल शोधाय लागलो.

भाग्यलक्ष्मी : ऐका आता तरी. चंडोल, धाविक, माळटिटवी, ही झाडावर घरटं करणारी पाखरं नव्हेत. उघड्या भुईवर अंडी घालतात. लांबनं येणारं कुत्रं दिसलं पाहिजे, कोल्हा दिसला पाहिजे. झाड आलं की फांदीवर कावळा येऊन बसतो, वरनं अंडी बघतो, संपलं. निपाणीपासून इथपर्यंत माळच होता ना? थोडा प्लॉट पाडून गेला, थोडा मुरूम काढून गेला. ते चोर निदान चोरासारखे आले. हा हार घेऊन येतोय, तिचा फोटो लावून. हिरवं दिसलं की ह्या लोकांना पुण्य लागल्यासारखं वाटतं. अरे, माळ वाळकाच असतो! जंगल तोडलं तर निदान कोणतरी बोंबलतंय. माळ बुजवला तर टाळ्या!

बायाक्का : टिटवीसाठी येवढं? लई वंगाळ पाखरू गं ते. पोरीला दवाखान्यात नेलं त्या राती घरावरनं वरडत गेलं. तवाच माझ्या काळजात...

तम्मण्णा : डंपरनं मारलं तिला. मुरमाच्या डंपरनं. टिटवीनं न्हाय.

(शेजारच्या घरातला माग तेवढा खडखडत राहतो.)

बायाक्का : वर्षात पयल्यांदा बोललासा तुमी त्याच्यावर.

तम्मण्णा : इचारलं न्हवतं कुनी.

भाग्यलक्ष्मी : काका, उद्या कुदळ मारू नका. एवढंच मागायला आले मी. सगळं तिच्या नावावर चाललंय, तुम्हीच नको म्हणालात तर त्याला तोंड राहणार नाही. जांभळीला कोण हात लावत नाही. ती राहू द्या.

तम्मण्णा : जांभूळ न्हाय.

बायाक्का : न्हाय म्हंजे?

तम्मण्णा : वाळली.

बायाक्का : अवो, रोज कॅन भरून नेत हुतासा की!

तम्मण्णा : टिटवीनं आळ्यात अंडी घातली. जांभळीच्याच. बुडाला जरा खोलगट हाय न्हवं, तिथं. मागल्या म्हैन्यात, भर उन्हाळ्यात, पानी घालाय गेलो तर अंगावर आली, पंख पसरून. मागं सरलो. दुसऱ्या दिवशी बी तसंच. वतलं असतं तर अंडी पान्यात गेली असती.

बायाक्का : मग बाजूला सारायची की ती अंडी! पाखरू मोठं का पोरगी मोठी?

तम्मण्णा : पोरगीच म्हनायची, हात लावायचा न्हाय म्हनून.

भाग्यलक्ष्मी : मग रोज जाऊन काय करत होता काका?

तम्मण्णा : कुत्री हाकत बसायचो. कार्यक्रमाची खरकटी टाकून जात्यात, त्याला कुत्री येत्यात. त्यास्नी पार रस्त्याकडंला नेऊन कॅनातलं पानी घालायचो. तिकडं भागलं की हिकडं फिरकत न्हाईत.

भाग्यलक्ष्मी : अजून बसलीय ती?

तम्मण्णा : पिल्लं निघाली परवा. मातीच्या रंगाची हाईत. हलली न्हाईत तर मला बी दिसत न्हाईत. जेसीबीवाल्याला काय दिसनार?

बायाक्का : त्या आळ्यात माझी पोरगी हाय वो.

तम्मण्णा : व्हय. तिथंच.

भाग्यलक्ष्मी : काका, फोन. नागेंद्रचा आहे.

तम्मण्णा : दाब ते हिरवं, दे हिकडं. ...बोल नागेंद्रा. ...व्हय, कार्ड मिळालं. ...न्हाय, मी येनार न्हाय. जेसीबी बी आनू नगंस. ...तब्येत बरी हाय. ...कुनी शिकवलं न्हाय मला. तिचं नाव काढ त्यातनं. ...छापलं असंल, फाड. ...माळ मोकळा न्हाय रं. ...कोन ऱ्हातंय म्हंजे? हसू नगंस. तू लावलास जेसीबी तर मी तिथंच बसल्यालो असनार. रोजच असतोय. ...ठेव.

भाग्यलक्ष्मी : थांबेल का तो?

तम्मण्णा : म्हाईत न्हाय.

बायाक्का : सकाळी मला बी न्या. जांभूळ वाढतीया म्हनून मी आपली घरात निवांत.

तम्मण्णा : चल. पर लांबनं बघायचं. जवळ गेलं की लई भांडती.