खड्ड्यातलं पाणी

…नाही, आत नाही सोडत आता, उगाच दाराशी जाऊ नका — मघाशी त्या सिस्टरने मलाच हाकललं, आणि मी तर बायको आहे! बसा भावजी. तो थर्मास ठेवा इकडे. तुम्ही आलात, बरं वाटलं. खरंच सांगते, या घरात खोटं न बोलणारा एक तुम्हीच उरलात. तब्येत? आहे तशीच. डोळे उघडत नाही. चिमटा काढला की हात मागे घेतो म्हणे, डॉक्टर त्यावरच खूश. मी म्हटलं, मला द्या काढायला, असा काढते की उठूनच बसेल.

मलेरिया मेंदूत चढलाय, भावजी. मला वाटायचं, मलेरिया म्हणजे काय, थंडी वाजते, गोळ्या खायच्या, संपलं. तसं नसतं — रक्तातली साखर एकदम उतरते, लघवी कोऱ्या चहासारखी होते, मूत्रपिंडं काम सोडतात, आणि आपलं माणूस उघड्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतं आणि ओळखत नाही. आता शिरेतून इंजेक्शन चालू आहे, सारखं बोटाला टोचून साखर बघतात, लघवी मापून घेतात. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा आणलंत तेव्हाच कळलं असतं, तर नुसत्या गोळ्यांवर बरा झाला असता. कळणार कसं? त्यांनी विचारलं होतं की — बाहेर कुठे गेला होतात? जंगलाकडे, खाणीकडे? तर तुमचा भाऊ म्हणाला, छे, शहरात होतो, पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं काम होतं. मलेरियाच्या गोळ्या घेतल्यात का? छे! आणि मी शहाणी वर म्हणते, डॉक्टर, हा माणूस डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही, याच्या वतीने मी सांगते. रक्त तपासलं, त्यात काही दिसेना. साधा ताप म्हणाले, आम्ही घरी. चहा ओता ना, गार होईल.

कळलं कसं? अहो, त्यानेच सांगितलं, शुद्ध हरपल्यावर! अंथरुणात पाना शोधायला लागला. ‘खड्ड्यातलं पाणी उतरलं का? नळी धर, धाकट्या, पंप हवा खातोय.’ मी म्हटलं, शहरातल्या लॉजवर कसला आलाय खड्डा? आणि हाक मारतोय कुणाला, तर तुम्हाला — सवयच ती, जिथे तिथे धाकट्या. मग झटकाच आला, दातखीळ बसली. तसाच इथे आणला आणि डॉक्टरांना म्हटलं, हा माणूस खाणीवर जाऊन आलाय, माझ्याशी खोटं बोललाय, तुमच्याशीही खोटं बोललाय, पुन्हा बघा रक्त. बघितलं तर रक्त जंतूंनी भरलेलं. त्याच्या फोनमधून खाणीच्या मुकादमाचा नंबर काढून त्यालाही झाडलं. तर तो मलाच ऐकवतो — दिल्या होत्या की गोळ्या, दोघांनाही दिल्या, दुसऱ्या दिवशी उभे होते कामाला! डॉक्टर म्हणाले, त्या अर्धवट गोळ्यांनीच घात केला. ताप दबला, जंतू लपले, गेले नाहीत.

शपथ घेतली होती हो त्याने! तुमच्यासमोर. दुकानातला जुना मिस्त्री त्याच खाणीवरून ताप घेऊन आला आणि गेला, त्याच्या बायकोला धरून बसले होते मी. घरी आले आणि म्हटलं, पैसे नकोत, काही नको, त्या खाणीत पाय ठेवणार नाही म्हण. म्हणाला. आणि रोज फोनवर, जेवलीस का, झोपलीस का — मागे बेडूक ओरडतायत! मी विचारलं, हे काय? तर म्हणे शेजारच्या खोलीतला टीव्ही. आणि मी विश्वास ठेवला, भावजी. मला आधी वाटलं, बाई असेल कुणी. असती तर बरं झालं असतं. भांडले असते, माहेरी गेले असते, निदान जिवंत माणसाशी भांडले असते. डॉक्टर विचारत होते, जिवावर बेतलं होतं, मी शेजारी बसले होते, आणि हा माझी भीड धरून गप्प राहिला — मरेन पण बायकोला कळू देणार नाही! याला प्रेम म्हणायचं का? मला राग येतो आणि मग वाटतं, उठू दे एकदा, मग काढते राग.

पंखा लागतोय का तुम्हाला? मला तर घाम फुटलाय. स्वेटर कशाला घातलंय एवढ्या उकाड्यात? अहो, कप सांभाळा, सांडतोय — कप खाली ठेवा. ठेवा म्हटलं ना.

हात बघू. अहो, भाजतोय हा!

तो कामाला गेला तेव्हा तुम्ही सासुरवाडीला होतात ना?

… दोघांनाही दिल्या. दोघांनाही. नळी धर, धाकट्या.

माझ्याशेजारी बसून चहा पितोस? भाऊ आत तसा पडलाय, मी इथे तुला खरं बोलणारा म्हणतेय, आणि तू ऐकून घेतोस? लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होतास तू, तुझ्या शर्टाची बटणं मी लावली. शपथ घेतली तेव्हा मान कोण हलवत होतं? तू. एक शब्द, एक फोन — ‘वहिनी, तो खाणीवर होता’ — एवढंच. बोलू नकोस. आता माझ्याशी नको बोलूस.

ऊठ. ती समोरची केसपेपरची खिडकी दिसते ना, तिथे जा. विचारतील, कुठे गेला होतास. सांग. गोळ्या घेतल्यास का, विचारतील. किती खाल्ल्यास आणि कधी सोडल्यास, तेही सांग. माझ्याकडे काय बघतोस? मी आता कुणाच्या वतीने काही सांगत नाही.

जा. भिंतीला धरून जा, पडशील.