बाबासाठी टीव्ही

दिवाळीच्या आदल्या दिवशी अकोल्याहून दर्यापूरला निघालेल्या एसटीत ज्योत्स्नाला कशीबशी खिडकीची जागा मिळाली. मागच्या सीटवर एक तरुण गुडघ्यांशी भलंमोठं खोकं सांभाळत बसला होता. त्याच्या शेजारी त्याच्याच गावची एक म्हातारी येऊन टेकली.

“पुण्याहून आला काय रे, विपुल? खोक्यात काय हाय?”

“टीव्ही हाय, काकू. बाबासाठी.”

“तुह्या बाबाले?”

“हो. घरी एकटाच रायते ना. तेवढाच टाइमपास.”

म्हातारीने खोक्यावर हात ठेवला.

“बापू, तुह्या बाबाले आता दिसत नाही.”

“चष्म्याचा नंबर वाढला असन.”

“चष्मा काय करन? काचबिंदू म्हने डॉक्टर. श्रावणातच दोन्ही डोये गेले. भिंतीले धरून मोरीपर्यंत जाते.”

“पण मी दर रविवारी फोन करतो, काकू! ठीक हाय म्हने बाबा.”

“तू काय विचारते त्याले?”

“काय पायजे, थे विचारतो.”

“मंग त्यानं काय सांगाव?”

गाडी एका फाट्यावर थांबली आणि सुटली. ज्योत्स्नाने मागे वळून पाहिलं नाही.

“मले कोनीच काहून नाही सांगतलं?”

“त्यानं आमाले शपथ घातली. पोरगा नोकरी सोडून येईन म्हने.”

“काकू, मी आता त्याच्यासमोर कसा जाऊ?”

“सीधा जाय. फक्त हात लावाच्या आंधी आपलं नाव सांगजो. एकदम कोनी हात लावला, का लय दचकते थो.”