रक्तातला पाहुणा

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही अशा आजच्या उत्सवमूर्ती, म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या मॅडम, आणि सभागृहातल्या स्नेह्यांनो,

मॅडमना आम्ही पाठीमागे ‘पुन्हा बघा’ म्हणत असू. त्यांना हे ठाऊक आहे, हसताहेत बघा. सगळं दोनदा तपासायच्या त्या सवयीपायी एक मुलगी वाचली, तेवढंच सांगतो.

नऊ वर्षांची पोर. अपघातात गेलेल्या एका मुलाचं यकृत तिला बसवलं होतं. शरीर असा अवयव घुसखोर समजून मारायला धावतं, म्हणून त्याचा पहारा औषधांनी पेंगुळलेला ठेवावा लागतो. तरी पोर दिवसेंदिवस फिकी पडत चालली. रक्त चढवायचं म्हणून मी गट तपासला, तर ओ पॉझिटिव्ह! आधीचा होता ओ निगेटिव्ह.

सगळे म्हणाले, नमुना बदलला. मॅडम स्वतः वॉर्डात गेल्या, रक्त काढलं. पुन्हा पॉझिटिव्ह. तिचे वडील शिंपी, ते भडकले. “माझ्या पोरीचं रक्त तुम्ही मला सांगता?”

पुढच्या तपासणीत कळलं, ते रक्त तिचं नव्हतंच. त्या गेलेल्या मुलाचं होतं. यकृताबरोबर आलेल्या त्याच्या मूठभर पेशींनी तिच्या हाडांत, जिथे रक्त बनतं तिथेच, बिऱ्हाड थाटलं होतं, आणि तिचं उरलंसुरलं रक्त आता त्याच परकं म्हणून मारत होत्या.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हळूच म्हणाले, “मग पाहुणा कोण?”

मंडळी, आपण परग्रहावरचा जीव शोधतो. तो भेटला तर ओळखणार कसा? इथे तर घरातच ओळख पटेना.

मॅडम म्हणाल्या, “औषधं कमी करा. पहारा आता त्या मुलाचा आहे, औषधांनी भांडण अर्धवट ठेवलंय आपण. त्याला जिंकू द्या.”

“आणि जिंकल्यावर त्यानं पोरीलाच परकं ठरवलं तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तर माझं चुकलं. पण असंच ठेवलं तर ती जाणारच.”

दाराशी उभ्या आईनं सगळं ऐकलं होतं. “पण ताई, ती माझीच राहील ना?”

मॅडम आईजवळ गेल्या. मग म्हणाल्या, “रोज हाक मारून बघा.”

औषधं उतरू लागली. आम्ही तिची कातडी, डोळे निरखत राहायचो. हल्ला झालाच तर तिथे आधी दिसला असता. आई रोज सकाळी हाक मारायची. आत कुणी विचार करत असावं, इतका वेळ जायचा. मग पोर ओ द्यायची. हळूहळू गालांवर रंग आला. औषधं पार बंद झाली. त्यानं तिला आपली मानलं होतं. का, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

आता ती कॉलेजात जाते. दर वर्षी तिचं रक्त मॅडमच काढत, आणि सुई टोचण्याआधी विचारत, “येऊ का?” मी एकदा म्हटलं, परवानगी कुणाची मागता? म्हणाल्या, “दोघांतलं जे जागं असेल त्याची.”

मागच्या आठवड्यात ते काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मी दंडाला पट्टा बांधला. ती हसत म्हणाली, “तो विचारतोय, हे कोण?”

मीही हसलो. पण शीर सापडेना. एरवी ठसठशीत दिसणारी शीर, मंडळी, बोटाखालून आत आत सरकत गेली. शेवटी मी हळू आवाजात माझी ओळख करून दिली. तेव्हा कुठे रक्त आलं.

मॅडम, तुमच्या खुर्चीत बसताना, आत नक्की कोण आहे, ही भीती सोबत राहील, आणि ती राहावी. आयोजकांचे आभार, आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. नमस्कार.