अव्वाच्या टोपलीतला खोटा मासा

तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचाराल तर मी मल्लव्वाचं नाव घेईन, आईवडिलांच्याही आधी, आणि त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही. मल्लव्वा सोलापूरच्या मासळी बाजारात बसते, उजनी धरणातले मासे विकते, वय साठीच्या पुढं. मी तिला अव्वा म्हणतो, ती मला तम्मा म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. नात्यातली नाही, गावातली नाही, जातीतलीही नाही.

आमचं गाव मैंदर्गी. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू, बोलणं अर्धं कन्नड अर्धं मराठी. आमच्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आणि काय सांगू तुम्हाला, त्या तीन वर्षांत मला एकच गोष्ट नीट आली, प्रॅक्टिकलच्या वहीत मासा काढणं. एकेक खवला मोजून काढायचो, सर वही वर धरून वर्गाला दाखवायचे. पण त्यावर नोकरी कोण देणार? सोलापुरात एका औषधाच्या दुकानात राहिलो, खोली घेतली. वडील फोनवर विचारायचे, शिवाप्पा, कायम झालास का रं, मी म्हणायचो, होईल की.

खोट्या माशाचं असं झालं. उजनीला हौशी माणसं गळ टाकायला येतात. मित्राबरोबर एकदा गेलो तर एकाच्या हातात लाकडाचा रंगवलेला मासा बघितला, पोटाला एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन टोकांचे गळ. दोरीनं पाण्यातून ओढला की तो पळाल्यासारखा हलतो आणि मरळ त्याला खरा समजून धरते. म्हटलं हे तर मला येईल. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, चाकूनं कोरलं, पॉलिश पेपरनं घासलं, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून गुंडाळला आणि वरून रंग फवारला. जाळी काढली तर अंगभर खवले. इतका आनंद झाला की तो ओला-सुका मासा घेऊन मी थेट बाजारात गेलो, म्हटलं दाखवायचा तर मासे कळणाऱ्या माणसाला, आणि शिरल्या शिरल्या पहिली बसलेली बाई म्हणजे अव्वा.

तिनं हातात घेतला, उलटा केला आणि शेजारणीला म्हणाली, बघ गं, ह्यानं माशाला चादर पांघरलीय. सगळा बाजार हसला. मग मला म्हणाली, अरं तम्मा, डोक्यापासनं शेपटीपतुर एका मापाचं खवलं कुटं असत्यात का? आन ह्यो मेलेला मासा हाय. मी म्हटलं, अव्वा, लाकडाचाच आहे की. तसं न्हवं, म्हणाली, तू मेलेला बघून रंगवलायस. आणि खरंच की, मी आयुष्यभर कॉलेजच्या बरणीतला मासा बघून चित्र काढलेलं.

तिथून दोन वर्षं रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या टपात जिवंत चिलापी असायची, ती बोटानं दाखवायची, पाठ काळी का, वरनं बगळ्याला दिसू नये म्हणून, पोट पांढरं का, खालच्या माशाला उजेडात दिसू नये म्हणून. चिलापी भ्याली की तिच्या अंगावरचे पट्टे गडद होतात, ते मला तिनं टपात हात घालून दाखवलं. भ्यालेलं पिल्लू रंगव, म्हणायची, मरळ त्याच्याच मागं लागती. फी नाही, काही नाही. उलट चहा तीच पाजायची.

मग पुण्याच्या एका दुकानानं, गळाचं सामान विकणाऱ्या, मी मोबाईलवर टाकलेले माझ्या माशाचे फोटो बघून निरोप पाठवला, एक नमुना पाठवा, पसंत पडला तर कायमचं काम देऊ. मी पंधरा दिवस एकच चिलापीचं पिल्लू रंगवत होतो. झालं, पण माझं मत काय कामाचं? अव्वाला दाखवलं असतं तर तिनं चूक शोधलीच असती, शोधायची म्हणून. मला खरं काय ते पाहिजे होतं. म्हणून तिला न सांगता तो तिच्या टोपलीत ठेवायचा असं मी ठरवलं. हे मी ठरवून केलं, तसंच लिहून घ्या.

गळांचं वजन काढलं तर ते हलकं लाकूड माशांवर पोट वर करून लोळायचं, आणि मग अव्वाला लगेच कळलं असतं. म्हणून गळ ठेवले आणि सहाही टोकांवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे चढवले. ती पाणी आणायला उठली तसा मी तो बॅगेतून काढून बारक्या चिलापीच्या टोपलीत, गळ खाली दडतील असा, मधोमध सरकवला आणि गप बसलो. ती आली, गिऱ्हाईक आलं, बारकी द्या म्हणालं. तिचा हात टोपलीत गेला, एकदा, मग दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा कडेनं. मी त्या हाताकडं बघत होतो, आणि तुम्हाला खोटं सांगत नाही, माझ्या मनात होतं की तिनं तोच उचलावा. तिसऱ्यांदा तिनं तोच उचलला. निसटू नये म्हणून मासा जसा आवळून धरतात तसा धरला. ट्यूबचे तुकडे त्या चिकट पाण्यात कधीच गळून पडले होते.

हे काय रं, एवढंच म्हणाली. दोन टोकं अंगठ्याजवळच्या बोटाच्या सांध्यात शिरली होती. गळाला उलटा काटा असतो, तो आत जातो पण बाहेर येत नाही. ओढू नका, ओढू नका, असं मी म्हणेपर्यंत शेजारणीनं ओढलं होतं.

रिक्षात तिचा हात मी मांडीवर धरला होता आणि त्या हाताला माझं पिल्लू लटकत होतं. दवाखान्यात तिची सून आली, रेणुकावहिनी. तिचा पहिलाच प्रश्न, हे टोपलीत आलं कसं? मी म्हणालो, माझ्या बॅगेची चेन तुटलीय वहिनी, पडलं असंल. विचारसुद्धा केला नाही, तोंडातून गेलं.

अव्वाला साखर आहे. तिसऱ्या दिवशी हात सुजला, लाली मनगटापर्यंत आली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाही उतरली तर बोट काढावं लागेल, नाहीतर हातावर येईल. ते दोन दिवस मी वॉर्डाबाहेर बाकावर बसून काढले. दर वेळी पट्टी बदलायला नर्स आत जायची आणि बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडं बघायचो. आणि आत अव्वा काय करत होती? येईल त्याला सांगत होती, चाळीस वर्सं मासं हाताळलं मी, पर ह्या तम्मानं मला फसवलं बघा, असा रंगवतोय. मला आत बोलवून म्हणायची, दाव की ह्यास्नी फोटू. मी दाखवायचो.

वहिनी एकदा म्हणाली, बॅग आणा भावजी, चेन बसवून देते. मी म्हटलं खोलीवर आहे. खोलीवर जाऊन मी चांगल्या चेनचे दात पकडीनं वाकवले. दुसऱ्या दिवशी तिनं बाकावर माझ्याशेजारी बसून ती चेन नवी लावली, लई वेळ लागला तिला, आणि दोरा तोडून बॅग माझ्या हातात दिली.

बोट वाचलं. पण ते वाकत नाही, अव्वाला कोयता धरता येत नाही. कापायचं वहिनी करते, अव्वा वजन करते आणि गिऱ्हाइकाशी बोलते. पुण्याचं काम मला मिळालं. रक्त धुऊन तोच नमुना पाठवला, हेही लिहा. वडील आता फोनवर काही विचारत नाहीत. तीनदा खरं सांगायला बाजारात गेलो, तीनदा तिनं चहा मागवला आणि मी तो पिऊन आलो. म्हणून शेवटी पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही, वहिनीच वाचणार, हे धरूनच लिहिलं. माझ्याकडं त्याची नक्कल आहे, वाचतो.

अव्वाला नमस्कार. वहिनींना नमस्कार. वहिनी, मधे थांबू नका, शेवटपर्यंत वाचून दाखवा.

अव्वा, तो मासा बॅगेतून पडला नव्हता. तू पाणी आणायला उठलीस तेव्हा मी तो टोपलीत ठेवला. तू फसतेस का ते मला बघायचं होतं. तुझा हात दोनदा टोपलीत गेला आणि दोन्ही वेळा मला बोलता आलं असतं. बोललो असतो तर तुझं बोट आज वाकलं असतं. मी बोललो नाही, कारण मला जिंकायचं होतं.

वहिनी, चेन चांगली होती. तुम्ही मागितल्यावर मी ती मोडली आणि तुमच्याकडूनच लावून घेतली. तुम्हाला तेव्हाच कळलं असावं असं मला वाटतं.

अव्वा, तू माझं कौतुक लोकांना सांगतेस, ते आता सांगू नकोस.

येत्या रविवारी येतो. सकाळी गर्दी असते तेव्हाच येतो. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल, कन्नडमधून बोल, मला सगळं कळतं. ये म्हणू नकोस, मी आपणहून येऊन बसेन, ऊठ म्हणालीस तर उठेन. पण वहिनींना जरा बसू दे आणि कोयता माझ्याकडं दे. दोन महिने मी खोलीवर मासे कापायला शिकतोय. खवले नीट निघतात. पोट फाडताना पित्त अजून फुटतं.

शिवाप्पा