हाका मोडलाच नाही

ऐका, ती लाकडं जरा मागं ओढा आधी, धूर डोळ्यांत जातोय. आणि दाराकडं पाठ करून बसू नका कुणी. उगंच आपलं सांगते.

तर येसू घरातनं निघाली तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. पोरीला सासूच्या कुशीत निजवलं, पदर कमरेला खोचला, आणि बाई सरळ डोंगराच्या अंगाला चालू लागली. दुसऱ्या दिवशी अवस. म्हणजे रात्र कसली असेल बघा, आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही.

सासूनं अंथरुणातनंच विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"त्यास्नी आणायला, आत्तीबाई."

लेक तिचाच. दसऱ्याच्या मागं गेला होता आणि आता संक्रांत उलटली होती. ती एवढंच म्हणाली, "घोंगडं तरी घे. थंडी हाय." येसूनं घेतलं नाही. काळं घोंगडं ती अंगाला लावायची नाही. का, ते सांगते.

पलीकडं ते काळं रान दिसतं ना, ते तेव्हा सरकारांचं, म्हणजे संस्थानच्या राजेसाहेबांचं, शिकारीचं रान. चहूकडनं दगडी गडगा आणि आत डुकरं. डुकरंपण सरकारांची, बरं का. रात्री गडगा उलथून आपल्या रताळ्यात शिरायची, उसात लोळायची, सकाळी बघावं तर वावर नांगरल्यासारखं. पण त्यांना दगड मारायची सोय नव्हती. आपण नुसता डबा वाजवायचा. मारायची ती सरकारांच्या पाहुण्यांनी.

पाहुणे आले की हाका. हाका म्हणजे काय, तर गावातले गडी रानाच्या एका कडेला रांग धरून उभे राहायचे. झाडं बडवत, आरडत पुढं सरकायचे. डुकरं त्यांच्या पुढं पळत पळत खिंडीत जायची. खिंडीत मचाण, मचाणावर बंदुका.

आणि हाक्याचा एक नेम होता. तो आपोआप मोडत नसे. बार संपले की मचाणाखाली उभं राहून नाइकानं, म्हणजे रांगेच्या म्होरक्यानं, एकेकाचं नाव पुकारायचं. "अमक्या, हाका मोडला, काठी टाक." त्यानं "हाय" म्हणायचं, काठी टाकायची, की तो सुटला. पुकारल्याबिगर रांग सोडायची नाही. समोर काहीही येऊ दे. कारण रांगेत एक जागा मोकळी पडली की डुक्कर तिथनंच उलटतं आणि शेजारच्याची मांडी फाडतं. एकाचा जीव दुसऱ्याच्या पायावर, असा तो कारभार. म्हणून आपल्या नावाशिवाय दुसऱ्या कशाला ओ द्यायची नाही, हे गड्यांच्या हाडात मुरलेलं असायचं.

येसूचा दादला त्या रांगेत होता. त्याचं नाव मी आत्ता घेत नाही. जिनं घ्यायचं तिलाच घेऊ दे.

दसऱ्याच्या मागच्या हाक्यात एका पाहुण्याला जाळीत काळं काहीतरी हललेलं दिसलं. त्यानं बार टाकला. ते डुक्कर नव्हतं. पहाटेच्या गारठ्यात पांघरलेलं घोंगडं होतं, आणि घोंगड्यात येसूचा दादला.

सरकारांचा कारभारी धावत आला. म्हणाला, पाहुण्यांच्या देखत बोंबाबोंब नको. डुकरानं फाडला म्हणा. सगळ्यांना गप उठवलं, मढं झोळीत घातलं, मागच्या वाटेनं गावात आणलं. त्या गडबडीत भैरू नाइकानं नावंच पुकारली नाहीत. एकाचंही नाही. जिते होते ते आपल्या मनानं काठ्या टाकून घरी आले. मेला तो कसा येणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सुरू झालं. अंधार पडला की रानातनं आवाज. टक टक. थांबायचा. मग एकदा, टक. काठी मारायची ही त्याची तऱ्हा, अख्ख्या गावाला ठाऊक. तो आवाज निघाला की डुकरं गडगा फोडून बाहेर पडायची आणि वावरं बुडवायची. मचाणवाटेनं कुणी येत असला तर त्यालाही हाकत न्यायचा. सरकारांचा एक रखवालदार खिंडीत पाय मोडून पडलेला सापडला. शिमग्याला पुन्हा पाहुणे यायचे होते. कारभाऱ्यानं देवरषी बोलावला. ठरलं, की अवसेला दुपारी त्या मेलेल्याला खिंडीतल्या जांभळीत खिळ्यानं ठोकायचा. एकदा ठोकला की ठोकला. झाड असेपर्यंत त्यानं तिथं राहायचं, ना वर ना खाली.

हे कळलं तशी येसू नाइकाकडं गेली. म्हणाली, "नाईकमामा, नुसतं नाव तर पुकारायचं हाय. तुमी पुकारा की. सुटंल त्यो."

नाइकानं चिलीम खाली ठेवली. "पोरी, मचाणाखाली हुबं ऱ्हावं लागतंय. त्यो समदं रान घिऊन अंगावर येतो. माजी छाती न्हाई गं आता."

"छाती तवा बी नव्हती."

नाइकाची बायको चुलीपाशी होती, ती मधी पडली. "म्हाताऱ्याला का बोलतीस? तुला एवढं हाय तर तू जा. पर नाव घेशील का दादल्याचं? लग्नात उखाणा घेतलास त्यो पाटावरच्या तांदळास्नी तरी ऐकू गेला का?"

खरंच होतं ते. दादल्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं लहानपणापासनं ऐकलेलं. तो गेला तरी जीभ तीच ना. दहनाच्या वेळी बाया रडताना नावं घेतात म्हणे, तेव्हासुद्धा हिच्या तोंडातनं "अवो, अवो" एवढंच निघालं होतं.

तर अशी ती बाई मचाणवाटेला लागली.

गडगा ओलांडला तोपर्यंत काही नाही. पायाखाली पाचोळा वाजतोय, तेवढाच काय तो आवाज. मग डाव्या हाताला, लांब, टक टक. थांबलं. टक. येसूच्या डोळ्यांत पाणीच आलं. भीतीनं नाही. इतक्या दिसांनी नवऱ्याची चाहूल लागली म्हणून. माणसाचं मन कसं असतं बघा.

ती त्या आवाजाच्या अंगाला वळली. आवाज उजव्या हाताला गेला. ती उजवीकडं गेली, तो मागनं आला. पुन्हा एक वाकडं झाड लागलं. मघा लागलेलंच झाड. ती पुढं गेली, तर परत तेच.

मग एक डुकरीण आली. मागं पिल्लांची रांग, अंगावर पट्टे असलेली, नुकती चालायला लागलेली. येसूच्या पायांत शिरून गेली. बाईनं खाली बघितलं. पाचोळ्याचं एक पान हललं नव्हतं.

तेवढ्यात हाक आली. "येसू. अगं येसू, मागं फीर." आवाज हुबेहूब त्याचा. तिचं पाऊल उचललंसुद्धा होतं. पण तिला उमगलं. त्यानं कधी तिला नावानं हाक मारली नव्हती. "अगं ए" म्हणायचा, नाहीतर नुसता खाकरायचा. ही हाक त्या रानाची होती, त्याची नव्हती. ती दात आवळून तशीच पुढं गेली.

आता मात्र रान उठलं. ऐका, हे नीट ऐका. एक काठी होती, तिच्या शेजारी दुसरी वाजली. मग तिसरी. मग अख्खी कडाच वाजायला लागली. ताशा, डबे, होऽ होऽ करून आरडणं. मेलेली डुकरं, किती वर्षांची मारलेली कुणास ठाऊक, जाळ्याजाळ्यांतनं फुटली. आणि येसू त्यांच्यामधी सापडली. तिला उभं राहायचं होतं. पण पाय ऐकेनात, पळायलाच लागले. मागं काठी वाजली की पुढं पळायचं, दुसरं काही डोक्यातच नाही. पळता पळता ती कमरेत वाकली. मग हातांवर आली. नाकात मातीचा वास. शेजारी एक म्हातारा सुळेवाला धापा टाकत पळतोय, तोंडाला फेस आलेला. येसूनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं हिच्याकडं बघितलं. ती पुढं सांगायची, की जन्मभर या जनावराला शिव्या दिल्या, रताळी खाल्लीस म्हणून तळतळाट दिले. पण त्या घटकेला त्याला जे कळत होतं तेच मला कळत होतं. मागं माणसं आहेत, आणि पुढंपण माणसंच आहेत.

खिंड आली. वर मचाण. मचाणावर माणूस नव्हता, नुसती एक बंदुकीची नळी होती, आणि ती खाली वळत होती.

येसूनं जांभळीच्या मुळीला मिठी घातली. डुकरं अंगावरनं गेली. सुळेवाल्याचा दात तिच्या पोटरीत घुसला तो हाडापर्यंत. पण तिनं मुळी सोडली नाही. मुळीला धरून उठली, रांगेकडं तोंड केलं, आणि उभी राहिली. नाईक उभा राहायचा त्याच जागी.

रांग आली. मधोमध तो. छातीवर घोंगडं जळालेलं. डोळे उघडे, पण बघणं नाही त्यांच्यात. टक टक. थांबला. टक.

"अवो," येसू म्हणाली.

तो पुढं आला.

"अवो, मी हाय. चिमीच्या बा, बघा तरी हिकडं."

काठी वर गेली. हाकेवाल्याला रांगेत बायको नसते, पोर नसते. समोर आहे ते हाकायचं. वर नळी थांबली होती, बरोबर येसूच्या डोक्यावर. तिला वाटलं, घेतलं नाव तर हा खरंच मरेल. मग तिचं तिलाच कळलं, की नाव घेतलं नाही म्हणूनच तर हा मरत नाहीये.

"रवळू," ती म्हणाली.

आवाज फुटलाच नाही नीट. काठी खाली येत होती. ती पुन्हा म्हणाली, लग्नातल्या बायांनासुद्धा ऐकू जाईल अशी. "रवळू, हाका मोडला. काठी टाक."

काठी तिच्या कपाळाच्या बोटभर वर थांबली.

"हाय," तो म्हणाला.

काठी पडली. त्यानं हातांकडं बघितलं, छातीकडं बघितलं, मग हिच्याकडं. डोळ्यांत माणूस आला. दमून शेतावरनं आल्यावर बोलायचा तसाच बोलला. "अगं ए, चिमी जेवली का?"

"जेवली."

"तू?"

येसू म्हणाली, "जेवले की." खोटं बोलली. त्याला दुसरं काय सांगणार? त्यानं मान हलवली. मग तो तिथं नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटला. सुटला खरा. पण ऐका.

रांग गेली नव्हती. सगळ्या काठ्या थांबल्या होत्या आणि सगळी तोंडं येसूकडं वळली होती. किती असतील? खिंडीच्या या अंगापासनं त्या अंगापर्यंत. कुणाचं पोट फाटलेलं, कुणाच्या डोक्यातनं बार गेलेला. सासऱ्याच्या वेळची माणसं, त्याच्या आज्याच्या वेळची. जितकी वर्षं सरकारांची शिकार, तितकी वर्षं कुणी ना कुणी पडलेला, आणि पाहुण्यांच्या देखत बोंब नको म्हणून न पुकारता मागच्या वाटेनं काढलेला.

एक म्हातारा पुढं आला. अंगावर चिंधी. वासरानं गोठ्यात वाट बघावी तसं बघत म्हणाला, "माजं?"

येसूला ठाऊक नव्हतं.

दुसरा म्हणाला, "माजं घे की गं, बाई." तिसरा नुसताच उभा, ओठ हलवत. त्याला स्वतःला तरी आठवत होतं की नाही कुणास ठाऊक.

ती रडायला लागली. मनाला येतील ती नावं घेतली तिनं, धोंडू म्हणाली, बाळू म्हणाली, सातू म्हणाली. कुणीच "हाय" म्हणालं नाही. त्यांनी थोडी वाट बघितली. मग म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि काठी उचलली. टक.

येसू तशीच पळाली, रक्ताळल्या पायानं. मागं सगळं रान. गडग्यावर चढली तेव्हा कुणाची तरी काठी पाठीत बसली, आणि ती पलीकडं रताळ्याच्या वावरात पडली. तिथंच सकाळी सासूला सापडली. पोटरी फाटलेली, पाठीवर निळा वळ. तो वळ मरेपर्यंत गेला नाही. माझ्या आजेसासूनं तिला न्हाऊ घालताना बघितलेला.

दुपारी देवरषी आला. जांभळीपाशी बसला, कान लावला, पुन्हा लावला. म्हणाला, ज्याला ठोकायचा तो इथं नाही. उताऱ्याची कोंबडी मात्र घेऊन गेला.

आणि भैरू नाईक. येसूनं खिंडीतलं सांगितलं, त्या दिवसापासनं तो ओट्यावर बसून नावं आठवायला लागला. ज्याला त्याला विचारायचा, तुझ्या चुलतआज्याचं नाव काय, त्या पांगळ्याच्या बापाला काय म्हणायचे? काही मिळाली. एका संध्याकाळी चिलीम न पेटवताच उठला आणि मचाणवाटेनं गेला. त्या रात्री येसूनं दारात बसून ऐकलं. काठ्या थोड्या कमी झाल्या, म्हणाली. थोड्याच. मग पुष्कळ वेळ एकच म्हातारा आवाज येत राहिला, अडखळत, आठवत. मग तोपण थांबला. नाईक परत आला नाही.

सरकार गेले, शिकार गेली, मचाण वाळवीनं खाल्लं. डुकरं आहेत. ती आता कुणाचीच नाहीत.

त्या वाटेनं जाऊ नका, पोरांनो. दिवस कलला की तर नाहीच. ती माणसं वाईट नाहीत, आपलीच आहेत, तुमच्या माझ्या घरातली. पण ती पुढं येतील आणि विचारतील, माझं नाव काय. आणि तुम्हाला ते सांगता यायचं नाही.